अकरा दिवस

पुनरुत्थानाच्या सणाच्या आदल्या रात्री, जागरणाच्या उपासनेत, धर्मगुरू भाविकांस काही प्रश्न विचारतो, हे आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. सैतानाचा त्याग करता काय, त्याच्या सर्व कृत्यांचा त्याग करता काय, त्याच्या पोकळ आमिषांचा त्याग करता काय, अशा अर्थाचे ते प्रश्न असतात. नव्या अग्नीवरून पेटविलेल्या मेणबत्त्या हातांत सावरीत सारे मंदिर एका आवाजात उत्तर देते की, होय, करतो. आपण तान्हे असताना मातापित्यांनी व धर्ममातापित्यांनी आपल्या वतीने दिलेले हे वचन वर्षातून एकदा आपण जाणतेपणी स्वमुखाने पुन्हा उच्चारतो.

हे प्रश्न विचारणारा धर्मगुरूही त्यांतून सुटत नाही. तो विचारतो आणि मनातल्या मनात त्यालाही उत्तर द्यावे लागते. २०१३ च्या त्या रात्री हे प्रश्न विचारताना माझा आवाज नेहमीसारखा निघाला नाही. तसे का झाले ते या साप्ताहिकाच्या वाचकांपुढे मांडावे, असे पुष्कळ दिवस मनात होते. सन्मार्गाविषयी उपदेश करणारे लेख आपण नेहमीच वाचता. परंतु ज्याने वाट सोडली त्याने ती कशी सोडली आणि पुन्हा कशी धरली, हे त्याच्याच तोंडून ऐकणे कदाचित अधिक उपयोगी पडेल. या हकिकतीत ज्या दोन घरांचा उल्लेख येईल त्यांची अनुमती मी घेतली आहे. गावाचे नाव मी देत नाही. आणि यातील एक अक्षरही पापनिवेदनात ऐकलेले नाही, हे प्रथमच सांगणे माझे कर्तव्य आहे.

माझी गुरुदीक्षा २००७ साली झाली. दोन वर्षांनी बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात, जंगलाच्या कडेला वसलेले एक लहान धर्मग्राम माझ्या स्वाधीन करण्यात आले. वय तिशीच्या आत होते. घरे दूरदूर विखुरलेली; कित्येक घरांतील पुरुष कामधंद्यासाठी गोव्यात आणि बायका शेतावर, अशी तेथील स्थिती होती. माझ्यापूर्वीच्या वृद्ध धर्मगुरूंनी कारभार सोपविताना कपाटातून स्नानसंस्काराच्या नोंदवह्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. जुन्यातल्या जुन्या वहीची पाने पिवळी पडून कडांना चुरा होऊ लागली होती. ते म्हणाले, “पैशाची वही चुकली तर हिशेबनीस ती दुरुस्त करील. ही चुकू देऊ नका, फादर. हिच्यात माणसे आहेत.”

ही वही म्हणजे काय, हे सांगितले पाहिजे. १५६३ साली ट्रेंटच्या विश्वपरिषदेने धर्मगुरूंना विवाहांची नोंदवही ठेवण्याची आणि स्नानसंस्काराच्या वेळी धर्ममातापित्यांची नावे लिहून ठेवण्याची आज्ञा केली. तेव्हापासून ही परंपरा अखंड चालत आली आहे. बालकाचे नाव, जन्मतारीख, स्नानसंस्काराची तारीख, आईवडील, धर्ममातापिता, संस्कार देणारा धर्मगुरू, इतके त्या ओळीत असते. पुढे त्या मुलाचा दृढीकरण संस्कार झाला, विवाह झाला किंवा त्याने गुरुदीक्षा घेतली, तर त्याची नोंद त्याच ओळीच्या समासात होते. सैतानाचा त्याग करण्याचे वचन ज्या दिवशी दिले गेले, त्या दिवसाची साक्ष म्हणजे ती ओळ. त्या ओळीवरून दाखला लिहून देणे हे धर्मगुरूचे रोजचे, किरकोळ वाटणारे काम आहे. याच किरकोळ कामात माझा पाय घसरला.

२०१० सालच्या जून महिन्यातील गोष्ट. पावसाला नुकतीच सुरुवात झाली होती. संध्याकाळच्या सुमारास एक बाई मुलाचा हात धरून माझ्या दारात आली. नवरा गोव्यात बांधकामावर होता. मुलाला पहिलीत घालावयाचे होते. शाळेच्या नियमाप्रमाणे जे वय १ जूनला पूर्ण व्हावयास हवे होते, ते त्याचे १२ जूनला पूर्ण होत होते. जन्म घरीच झालेला, सरकार दरबारी नोंद कोणी केलेली नव्हती. त्यामुळे शाळेने चर्चचा दाखला आणावयास सांगितले होते.

“फादर, अकरा दिवसांपायी पोराचं वरीस जाणार,” ती म्हणाली. “मी रानात गेल्यावर ह्याला कुणाजवळ ठेवू? थोरलीला शाळेतनं काढून ह्याच्याजवळ बसवावं लागंल.”

तिच्या बोलण्यात खोटे काही नव्हते. थोरली मुलगी चौथीत होती, हुशार होती, आणि रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात पहिल्या रांगेत बसत असे. मी बाईला दुसऱ्या दिवशी यावयास सांगितले. रात्री जेवण झाल्यावर खोलीचे दार लावून घेतले, दिव्याखाली कोरा दाखला ठेवला आणि १२ जूनच्या जागी १ जून लिहिले. वहीला मी हात लावला नाही. वही खरी आहे, फक्त कागद थोडासा सैल आहे, अशी मी मनाची समजूत घातली. कोणाचे नुकसान होत नाही, एका मुलाचे वर्ष वाचते, एका मुलीचे शिक्षण वाचते. प्रभू येशूनेही शब्बाथाच्या दिवशी आजाऱ्यांना बरे केले नाही का? असे पवित्र दाखले देण्यास माझी बुद्धी त्या रात्री फारच तत्पर झाली होती. खाली सही केली, चर्चचा शिक्का उठविला आणि दिवा मालवला.

वाचकहो, आपणांस वाटेल की, त्या रात्री मला झोप आली नसेल. मला उत्तम झोप लागली. ती आलेली झोप हीच त्या प्रसंगातील सर्वांत भयंकर गोष्ट होती, हे समजण्यास मला पुढे अडीच वर्षे लागली.

बाईने कृतज्ञतेने शेजारणीला सांगितले, शेजारणीने आणखी कोणाला. हळूहळू लोकांना कळले की, नवे फादर समजूतदार आहेत. एकजण सद्वर्तनाचा दाखला मागावयास आला. तो कधी मिस्सेला दिसला नव्हता, त्याचे वर्तन कसे आहे हे मला ठाऊक नव्हते. तरीही नोकरीचा प्रश्न आहे म्हणून, हा गृहस्थ माझ्या चांगल्या परिचयाचा आहे, असे मी लिहून दिले. दुसऱ्या एकाच्या शिफारसपत्रात, तो गायनवृंदात नियमित गातो, असे लिहिले. तो वर्षातून एकदा, नाताळला गात असे. प्रत्येक वेळी कारण दयेचेच होते, आणि प्रत्येक वेळी लेखणी पहिल्यापेक्षा अधिक सहजपणे चालत होती. त्याच काळात रात्रीचे आत्मपरीक्षण माझ्याकडून हळूहळू सुटले. सेमिनरीत असल्यापासून मी ते नेमाने करीत आलो होतो. ते सोडण्याचा निश्चय मी कधीच केला नव्हता. दिवसभराच्या श्रमाने थकवा येतो, असे मी स्वतःला सांगत असे. खरे कारण हे की, दिवसाकडे मागे वळून पाहण्याची मला आवड उरली नव्हती.

संत मोनिकेच्या बालपणाची एक गोष्ट संत आगस्तीनने आपल्या ‘कन्फेशन्स’ या ग्रंथाच्या नवव्या भागात सांगितली आहे. मोनिका लहान असताना घरच्या पिंपातून द्राक्षारस काढून आणण्याचे काम तिच्याकडे असे. भांडे भरताना ती ओठ ओले होतील एवढाच घोट घेई. तिला मद्याची आवड नव्हती, निव्वळ बालपणाचा अवखळपणा होता. रोज त्या थेंबात आणखी एका थेंबाची भर पडत गेली, आणि शेवटी ती पेलेच्या पेले रिते करू लागली. एके दिवशी बरोबर असणाऱ्या दासीशी तिचे भांडण झाले. दासीने रागाने तिला दारुडी म्हटले. तो शब्द मोनिकेला असा झोंबला की, तिने त्याच क्षणी ती सवय टाकून दिली. आईबापांच्या शिस्तीने जे झाले नाही ते भांडणाऱ्या दासीच्या एका शब्दाने झाले. संत आगस्तीन या गोष्टीत देवाचा हात पाहतो. दासीला मालकिणीचे कल्याण साधावयाचे नव्हते, फक्त तिला टोचावयाचे होते. तथापि देवाने त्याच टोचणीचे औषध केले.

मलाही असाच एक झोंबणारा शब्द ऐकावा लागला.

२०१३ च्या उपवासकाळाचा दुसरा आठवडा चालू होता. एक गृहस्थ सकाळच्या मिस्सेनंतर थांबला. त्याच्या मुलीचे लग्न ठरले होते. स्थळ चांगले होते, मुलाला नोकरी होती, आणि मुलाकडची मंडळी घाई करीत होती. मुलगी सोळा वर्षे आठ महिन्यांची होती. मुलीचे वय अठरा दिसेल असा स्नानसंस्काराचा दाखला त्याला हवा होता.

मी स्पष्ट नकार दिला. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलीचा विवाह करणे गुन्हा आहे, हे सांगितले. मुलीचे शरीर, तिचे शिक्षण, तिची स्वतःची संमती, यांविषयी बोललो. शेवटी, चर्चच्या नावाने असत्य लिहिणे हे पाप आहे, असेही म्हणालो. तो शांतपणे ऐकत होता. माझे बोलणे संपल्यावर तो म्हणाला,

“फादर, त्या बाईच्या पोराला तुम्ही अकरा दिवस दिलात. मी सोळा महिने मागायलोय. फरक आकड्याचाच आहे की नाही, तेवढं सांगा.”

मी काही तरी उत्तर दिले. काय दिले ते आता आठवत नाही. एवढेच आठवते की, माझ्या नकारात जोर राहिला नव्हता. तो गृहस्थ टोपी घालून निघून गेला, आणि मी सांक्रिस्तीत खुर्चीवर बसून राहिलो. मी त्याला जे सांगितले होते ते सारे खरे होते. परंतु ते सांगण्याचा अधिकार मीच माझ्या हाताने, रात्री दिव्याखाली, अडीच वर्षांपूर्वी खोडून टाकला होता.

त्या रात्री मी संत इग्नेशियसचा ‘आध्यात्मिक साधना’ हा ग्रंथ पुष्कळ दिवसांनी उघडला. १५२१ साली पाम्प्लोना येथील लढाईत तोफेच्या गोळ्याने ज्याचा पाय मोडला आणि अंथरुणावर पडल्यापडल्या ज्याचे जीवन पालटले, त्या शिपाईगड्याने स्वतःच्या अनुभवातून हा ग्रंथ लिहिला. पोप तिसरे पॉल यांनी १५४८ साली त्याला मान्यता दिली. मोहाची चाल कशी असते, हे त्यात लढाई जाणणाऱ्या माणसाच्या नजरेने सांगितले आहे. त्यातील तीन गोष्टींनी मला त्या रात्री धरून ठेवले.

पहिली अशी की, आपला वैरी एखाद्या सेनापतीप्रमाणे किल्ल्याभोवती फिरून पाहणी करतो आणि जेथे तट दुबळा दिसेल तेथे हल्ला चढवितो. बेळगावच्या किल्ल्याभोवती खंदक आहे, तो आपणांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. कोणता शहाणा शत्रू खंदकाच्या रुंद भागातून आत शिरू पाहील? मला पैशाचा लोभ दाखविला असता तर मी सावध झालो असतो. त्यासाठी सेमिनरीत मला तयार केलेले होते. लोकांनी मला चांगले म्हणावे, ही माझी हौस होती, आणि त्या बाजूच्या तटावर मी पहारा ठेवलाच नव्हता.

दुसरी गोष्ट गुप्ततेची. खोटा प्रियकर एखाद्या मुलीला, हे घरी सांगू नकोस, असे बजावतो. त्याचप्रमाणे मोहालाही आपले नाव कोणाजवळ निघालेले खपत नाही. योग्य मार्गदर्शकाजवळ ते सांगितले की त्याचा डाव फसतो. मी तो दाखला लिहिताना दार लावून घेतले होते. घरात माझ्याशिवाय कोणी नव्हते. मग दार कशासाठी लावले? माझ्या हातांना ठाऊक होते ते माझ्या बुद्धीने मान्य केले नव्हते, इतकेच.

तिसरी गोष्ट भक्तिमार्गावर चालू पाहणाऱ्यांसाठी विशेष महत्त्वाची आहे. चांगल्या इच्छेच्या माणसाजवळ वाईट वाईटाच्या रूपाने येत नाही. ते चांगल्याचा वेष घेऊन येते. यास्तव एखाद्या विचाराचा आरंभ, मध्य आणि शेवट असे तिन्ही टप्पे तपासून पाहावे, आणि शेवट वाईट निघाला तर कोणत्या ठिकाणी वाट वळली ते मागे जाऊन शोधावे, असे संत इग्नेशियस सांगतो. मी मागे गेलो. शेवटी होते सोळा महिने. मध्ये होती सद्वर्तनाची ती पत्रे. आणि आरंभी? आरंभी त्या माउलीविषयीची दया होती. दया का वाईट असते?

या प्रश्नापाशी मी बराच वेळ थांबलो. दया वाईट नव्हती. परंतु त्या दयेने मला जे करावयास सांगितले होते ते मी केलेच नव्हते. मी त्या बाईबरोबर शाळेत जाऊ शकलो असतो, मुख्याध्यापकांना विनंती करू शकलो असतो. ते नाही म्हणाले असते तर मुलाच्या जन्माची रीतसर नोंद करून घेण्यासाठी तालुक्याला खेपा घालू शकलो असतो. एक वर्ष मुलाला दिवसा सांभाळण्याची व्यवस्था चर्चच्या ओसरीवर, दोन आजीबाईंच्या मदतीने, सहज करता आली असती. यातील प्रत्येक गोष्टीला श्रम लागत होते, वेळ लागत होता, नकार ऐकण्याची तयारी लागत होती. एका तारखेला दोन मिनिटे लागली. दयेच्या नावाखाली मी माझा स्वतःचा त्रास वाचविला होता. सत्कर्माची लांब वाट टाळून मी तिची चोरवाट धरली होती, आणि चोरवाट कोठे निघते हे त्या सकाळी एका बापाने मला दाखविले होते.

आमच्या त्या जंगलभागात वाड्यावस्त्यांवर मिस्सा अर्पिण्यासाठी पायी जावे लागे. पहिल्या पावसाळ्यात मी एकदा वाट चुकलो. बरोबरचा म्हातारा गडी मला म्हणाला होता, “फादर, वाट चुकली म्हणजे आडवं घुसायचं नाही. ज्या फाट्यापर्यंत वाट नक्की ठावी होती, त्या फाट्यापर्यंत मागं यायचं. लांब पडलं तरी मागं यायचं.” त्या रात्री मला त्याचे शब्द आठवले. यापुढे दाखले खरे देईन, एवढा निश्चय करणे म्हणजे आडवे घुसणे होते. मला त्या फाट्यापर्यंत, १२ जूनपर्यंत, मागे जावयाचे होते.

दुसऱ्या दिवशी मी बेळगावला जाऊन एका वयोवृद्ध धर्मगुरूंजवळ प्रायश्चित्त संस्कार घेतला. त्यांनी माझ्यावर जे प्रायश्चित्त ठेवले ते मी स्वतःचे म्हणून सांगू शकतो: तो कागद दुरुस्त करून या. जक्कय प्रभूला घरी घेऊन गेला तेव्हा त्याने केवळ पश्चात्तापाचे अश्रू ढाळले नाहीत; ज्यांचे घेतले होते त्यांना चौपट परत देण्याचे वचन दिले. भरपाईवाचून पश्चात्ताप पुरा होत नाही, हे धर्मशिक्षणाच्या वर्गात मी मुलांना शिकविलेच होते. त्यानंतर मी आमच्या महागुरुस्वामींनाही घडले ते सांगितले. त्यांनी माझे बोलणे शेवटपर्यंत ऐकले, आणि दुरुस्तीचे काम पुरे झाल्यावर पुन्हा येऊन भेटावे, एवढेच म्हणाले.

सर्वांत कठीण गेले ते त्या बाईच्या दारात उभे राहणे. ती रागावली. “तुम्हीच दिलंत आणि आता तुम्हीच काढून घ्यायला आलात? पोराला शाळेतनं काढलं तर मी काय करू? गाव काय म्हणंल?” तिचा राग रास्त होता. चूक माझी होती आणि भीती तिच्या वाट्याला आली होती. पापाचे हे एक लक्षण मी त्या दिवशी पाहिले की, त्याचे बिल क्वचितच एकट्या करणाऱ्याच्या नावाने येते. मी तिला सांगितले, “बाई, दोष तुमचा नाही. तुम्ही मदत मागितलीत, मी खोटा कागद दिला. आता मदत करतो.”

शाळेत मी एकटा गेलो आणि माझी सही माझ्याच तोंडाने खोटी ठरविली. मुख्याध्यापकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला व बराच वेळ काही बोलले नाहीत. मुलगा तिसरीत होता, अभ्यासात चांगला होता. त्यांनी वरिष्ठांना लिहिले. मुलास काढण्यात आले नाही, जन्मतारखेचा योग्य पुरावा मात्र मागण्यात आला. जन्म होऊन वर्ष उलटल्यावर नोंद करावयाची तर १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे त्या काळी न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागत असे. मी त्या बाईबरोबर खानापूरला पाच खेपा घातल्या. अर्ज, प्रतिज्ञापत्र, सुईणीची साक्ष, पुन्हा पुढची तारीख. उन्हात कचेरीबाहेरच्या बाकावर बसलो असताना मनात येई की, हेच श्रम २०१० साली केले असते तर ते सत्कर्म झाले असते. आता तेच श्रम कर्जाची फेड म्हणून करीत आहे. पावसाळ्याच्या तोंडावर आदेश हाती आला. त्यात १२ जून ही तारीख होती.

या खेपा चालू असतानाच मी मुलीच्या वडिलांकडेही गेलो. त्याला म्हणालो, “तुम्ही त्या दिवशी बरोबर बोललात. ते अकरा दिवस खोटे होते. मी ते परत घेतले आहेत. म्हणून तुमचे सोळा महिने मी देणार नाही.” तो खाली पाहत बसून राहिला. आतून त्याची पत्नी म्हणाली, “फादर, चहा घेऊन जावा.” मुलगी चहा घेऊन आली आणि कप ठेवून आत गेली. पुढे ते लग्न मोडले. तो गृहस्थ माझ्यावर फार रागावला, आणि त्यानंतर वर्षभर तो आमच्या चर्चमध्ये मिस्सेला आला नाही. सत्य धरल्याबरोबर सर्वत्र आनंदीआनंद होतो, असे मी आपणांस सांगणार नाही. तसे घडले नाही.

२०१४ च्या जुलैमध्ये ती मुलगी स्वतः माझ्याकडे आली. अठरा वर्षे पूर्ण झाली होती. परिचारिकेच्या शिक्षणासाठी तिला प्रवेश मिळत होता आणि स्नानसंस्काराचा दाखला हवा होता. मी वही उघडली, तिची ओळ काढली आणि तारीख मोठ्याने वाचून दाखला लिहिला. ती टेबलाजवळ उभी राहून पाहत होती. “फादर, तारीख नीट बघून घाला हं,” असे म्हणून ती किंचित हसली. बाहेर अंगणात तिचा बाप मोटारसायकल उभी करून पावसात थांबला होता. तो आत आला नाही. पण तिला तो घेऊन आला होता. पुढच्या वर्षी माझी त्या धर्मग्रामातून बदली झाली.

आता, बंधुभगिनींनो, ही हकिकत मी का सांगितली? आपणांपैकी बहुतेकांच्या हाती चर्चचा शिक्का नाही. परंतु प्रत्येकाच्या हाती एखादी वही असतेच. दुकानदाराची तागडी ही वही आहे, शिक्षकाची गुणपत्रिका ही वही आहे, कारकुनाची टिपणी ही वही आहे. दारावर कोणी पैसे मागावयास आला असता, बाबा घरी नाहीत असे सांग, म्हणून मुलाला पुढे पाठविणारा पिता त्या मुलाच्या मनाच्या वहीत काय लिहितो? ते अकरा दिवसच आहेत. ते मूल मोठे होऊन एक दिवस सोळा महिने मागावयास येईल, आणि तेव्हा आपल्या नकारात जोर उरलेला नसेल.

माझ्या चुकीतून मला जे मिळाले ते तीन साध्या नेमांत सांगतो. पहिला असा की, रात्री निजण्यापूर्वी पाच मिनिटे दिवसाकडे मागे वळून पाहावे, आणि ज्या दिवशी पाहण्याचा कंटाळा येईल त्या दिवशी तर अवश्य पाहावे. त्या कंटाळ्यामागेच काही तरी लपलेले असते. दुसरा असा की, जे काम दार लावून करावेसे वाटेल ते दार उघडे ठेवून करावे, नाही तर करूच नये. त्या दिवसापासून आजतागायत मी कोणताही दाखला दिवसाउजेडी, वही उघडी ठेवून, मागणाऱ्यासमोर तारीख मोठ्याने वाचून लिहितो. लोकांना ही माझी लकब वाटते. ती लकब नाही, तटावरचा पहारा आहे. आणि तिसरा असा की, वाट चुकल्याचे कळताच फाट्यापर्यंत मागे यावे. प्रभूची क्षमा घ्यावी आणि ज्याचे बिघडविले त्याच्या दारापर्यंत जावे. ज्याला आज दहा पावले मागे येणे जड वाटते, त्याला उद्या दहा कोस यावे लागेल.

२०१३ च्या पुनरुत्थान जागरणाच्या रात्री मी जेव्हा ते प्रश्न विचारले, तेव्हा दुरुस्तीचे काम अर्धेच झाले होते. तिसऱ्या बाकावर ती बाई मुलाला घेऊन उभी होती. तिचा राग अजून गेला नव्हता. मुलाच्या हातात मेणबत्ती होती आणि मेण बोटावर पडू नये म्हणून तो ती दूर धरून उभा होता. सैतानाच्या सर्व कृत्यांचा त्याग करता काय, असे विचारताना माझा कंठ दाटून आला. गुरुदीक्षेनंतर तो प्रश्न मी अनेकदा विचारला होता. त्या रात्री तो प्रथमच मला विचारला गेला. मंदिराबरोबर मीही उत्तर दिले.

ज्या वहीत आपले नाव आपल्या स्नानसंस्काराच्या दिवशी लिहिले गेले, तिच्यातील आपली ओळ अखेरच्या दिवसापर्यंत खरी ठेवण्यास प्रभू येशू आपणां सर्वांना बळ देवो. आणि जो घसरला असेल त्याला मागे येण्याची लाज न वाटो, अशी धन्य कुमारी मरियेच्या मध्यस्थीने मी प्रार्थना करतो.